यमुना गटातून बाहेर पडल्या

रविराजची थोरली, संस्कृती, दहावी पास झाली त्या वर्षाची, म्हणजे दोन हजार पंचवीसची ही गोष्ट. जून सरत आला होता आणि पेढ्यांचे रिकामे खोके अजून फ्रिजवर पडून होते. शुक्रवारची सकाळ होती. सावेडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात रविराजची आई बनुबाई मेथी निवडत बसली होती. मधूनमधून हात पदराला पुसून ती मोबाईल उचलून बघत होती. रविवारपासून तिचं हेच चाललं होतं. आज गटात एक ओळ आलेली दिसली. बारीक, राखाडी, कुणी माणसानं बोलल्यासारखी नव्हे, एसटी स्टँडवरच्या पाटीसारखी. बनुबाई उशिरा शिकलेली. ती अजून ओठ हलवून वाचायची. य. मु. ना. पुढचं तिला एकदम वाचता आलं नाही. वाचता आलं तेव्हा वाटलं, आपलंच चुकतंय. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. ‘यमुना गटातून बाहेर पडल्या.’ मेथीची काडी हातात तशीच राहिली. खाली गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा ओरडत होता, कुकरची शिट्टी झाली, सून धनश्रीने आतून काहीतरी विचारलं, आणि बनुबाईला यातलं सगळं ऐकू येत होतं पण लांबून, विहिरीत उतरलेल्या माणसाला काठावरची माणसं ऐकू यावीत तसं.

तो गट एका संपलेल्या मालिकेच्या चाहत्यांचा होता. ‘एका उंबऱ्याच्या दोघी’. नंदा आणि यमुना या दोन जावा, दोघींचे नवरे एकाच अपघातात गेलेले, आणि मागे राहिलेलं घर, गोठा, शेत दोघींनी मिळून चालवलेलं. मालिका बंद होऊन काही वर्षं लोटली होती. चॅनेल ती विसरलं, नट्या दुसऱ्या कामांना लागल्या, पण ही पोरंपोरी तिला सोडायला तयार नव्हती. मालिकेने जिथे दिवा मालवला आणि दार लावून घेतलं, तिथून आत जाऊन ती पुढची गोष्ट सांगायची. कुणी लिहायचं, कुणी चित्र काढायचं, कुणी नुसतं बोलून पाठवायचं. नंदा आणि यमुना एकमेकींच्या कोण होत्या ते मालिकावाल्यांनी तोंडात धरून ठेवलं होतं. इथे ते सगळे उघड बोलत. गट चालवायची सुकन्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी पोरगी. दुसरा श्रीरामपूरचा पार्थ, नाकात नथ घालून फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, ‘बघणाऱ्याने दृष्ट काढून जावे.’ पाथर्डीकडची एक निवृत्त शिक्षिका होती. तिने एकदा सांगितलं होतं, आमच्या गावात माझ्या लहानपणी दोन बाया एका चुलीवर राहायच्या, गाव त्यांना मैत्रिणी म्हणायचं, त्या मेल्यावर त्यांची नावंसुद्धा कुणी ठेवली नाहीत. तेव्हा सुकन्याने लिहिलं होतं, आपण ठेवू. ते ऐकून बनुबाई गॅलरीत जाऊन उभी राहिली होती. आपल्या आधी होत्या. हे तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं हा रोग जगात दोघींनाच झाला, एक तिला आणि एक घोडेगावच्या मेहताबला.

संस्कृतीच्या फोनवर मालिकेचा तुकडा बघता बघता बनुबाईने एकदा त्याखाली आपला आवाज टाकला होता, यमुना अशी रुसायची नाही, ती रुसली की भांडी घासायला बसंल. सुकन्या हसून लोळली म्हणे, आणि तिने आज्जींना गटात ओढलं. इथे नाव विचारायचं नाही असा रिवाज होता. बनुबाईने नंदा हे नाव घेतलं. मग एका दुपारी गटात एक नवा आवाज आला. बसका, अर्ध्या वाक्याला खोकला, आणि खोकल्यानंतर एक छोटं हसू, खोकल्याची माफी मागितल्यासारखं. “मी यमुना हाय. नंदे, तुला भांड्याचंच पडलंय व्हय गं? मान्साचं बघ की.” बनुबाईच्या हातातला फोन फरशीवर पडला. कांद्याच्या पाल्याची धूळ छातीत जाऊन बसलेला तो खोकला तिला हजार बायांत ओळखू आला असता. तिने ओळखलं आणि तिने ओळखलंय हे मेहताबला कळलं. गटात मात्र दोघींनी कधी चकार शब्द काढला नाही. नंदा विचारायची, यमे, गुडघा कसा हाय. यमुना म्हणायची, गुडघ्याला काय धाड भरलीय, तू गोळ्या घेती का. पोरं म्हणायची, आज्ज्या किती खरं करतात! पार्थ लिहायचा, मालिकेवाल्यांनो, या दोघींकडून शिका.

घोडेगावच्या कांद्याच्या खळ्यावर दोघी शेजारी बसायच्या. समोर कांद्याचा ढीग, मोठा एकीकडे, बारीक गोलटी एकीकडे, आणि जोड कांदा, एका सालीत दोन निघालेला, तो वेगळ्या पाटीत. बनुबाईचा नवरा लवकर गेला. मेहताब नांदायला गेली आणि वर्षाच्या आत भावाच्या दारात परत आली, का ते तिने कुणाला सांगितलं नाही, बनुबाईला सांगितलं. बाकीच्या बाया डोळ्यांतलं पाणी पदराने पुसायच्या. मेहताब आपल्या ओढणीचं टोक ओलं करून बनुबाईचे डोळे पुसायची. असं किती वर्षं चाललं. मग एका दुपारी गोण्यांच्या आडोशाला मुकादमाच्या बायकोने त्यांना पाहिलं आणि तिने जे पाहिलं ते खरंच होतं. कुणी ओरडलं नाही. बनुबाईला पुढे नेहमी वाटत राहिलं, ओरडले असते, दगड मारले असते, तर बरं झालं असतं, काहीतरी घडलं असं तरी झालं असतं. तिचा दीर आप्पासाहेब आणि मेहताबचा भाऊ फक्रुद्दीन ओट्यावर बसले. दोघांची जुनी मैत्री. चहा झाला. आप्पासाहेब म्हणाले, “वहिनी, रविराजला नगरात पोरगी सांभाळाया मानूस पायजे. तुमी तिकडं ऱ्हावा.” फक्रुद्दीन खाली बघत म्हणाला, “भाभी, आमची इज्जत तुमची इज्जत एकच हाय.” मग चार वर्षांच्या संस्कृतीला आणून समोर उभं केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बनुबाईने शपथ घेतली. घोडेगावात पाय ठेवणार नाही. मेहताबला फोन करणार नाही. पोरीच्या डोक्याला तेल लावलेलं होतं, हात बुळबुळीत झाला, तो तिने लुगड्याला पुसला, आणि पुढे अनेक वर्षं तिला तो अपशकुन वाटत राहिला. पोरीला ताप आला की तिचा जीव थाऱ्यावर नसे. शपथ तिने मोडली नव्हती. गटाचं शपथेत काही नव्हतं. गट म्हणजे ना फोन ना घोडेगाव. एवढ्याशा फटीतून तिने उरलेलं आयुष्य काढलं होतं.

त्याच पोरीच्या पहिलीच्या पुस्तकावरून बनुबाई अक्षरं शिकली. संस्कृती शाळेतून यायची, मास्तरीण व्हायची, आजीच्या पाठीत पट्टी घालायची, “आज्जी, काना विसरलीस!” बसवरचं अहमदनगर, त्यात एकही जोडाक्षर नाही, ते तिला वाचता आलं तेव्हा ती स्टँडवर उभ्या उभ्या हसली होती, आता पाट्यांवर अहिल्यानगर आलं, तर ल्या म्हणताना जीभ एकदा अडते. नंदा म्हणून तिने गटात हे सगळं सांगितलं होतं. तेव्हा यमुना खोकत म्हणाली होती, “तू शिकलीस, थांब, मी बी शिकते. मग काय करशील?” आणि मार्च महिना संपता संपता यमुनेकडून आवाजाऐवजी अक्षरं आली. ‘नंदा, आता बोलायला दम लागतो. लिहिते.’ बनुबाईने ती ओळ किती वेळा वाचली याला गणती नाही. शिकली. म्हातारी शिकली! माझ्यासाठी शिकली. त्या दिवशी ती देवाजवळ साखर ठेवून आली. मग रोज अक्षरं येत राहिली, कधी लांब, कधी एक ओळ. ‘आज पाऊस यावा असं वाटतं.’ ‘तुझी आठवण सांगायला जागा नाही.’ मेहताब असं बोलायची नाही. मेहताबच्या तोंडी ‘हाय’ असायचं, लिहिण्यात ‘आहे’ येत होतं; पण बनुबाईने स्वतःशीच समजूत घातली, मी नाही का लिहिताना आहे लिहीत, अक्षर काढायला लागलं की माणूस जरा नीटनेटका होतो. कांद्याचं नाव निघायचं नाही, गुडघ्याचं निघायचं नाही. तेही तिने पोटात घातलं. अक्षरात मेहताब मऊ झाली होती. तिला ती मऊ मेहताब आवडायला लागली होती. हे आता, मेथीच्या काड्यांसमोर बसून, आठवलं आणि तिने मोबाईल पालथा ठेवला.

जूनमध्ये गटावर सात रंगांचा काठ लावलेल्या पातळाचं चित्र चढायचं आणि शेवटच्या आठवड्याच्या रविवारी सुकन्या हजेरी घ्यायची. प्रत्येकाने आपल्या तोंडाने आपलं खरं नाव, खरं गाव सांगायचं आणि हजर म्हणायचं. ज्याला भीती वाटते त्याने नुसतं हजर म्हणावं. पार्थ आपलं नाव असं काही म्हणायचा की वाटावं पालखीतून उतरतोय. दरवर्षी बनुबाई नुसतं हजर म्हणायची आणि मेहताब खोकून हजर म्हणायची. या रविवारी मात्र बनुबाई गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं, आणि अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, म्हणाली, “बनुबाई. घोडेगाव. हजर. आन मेहताब, तू बी म्हन. लिहू नगं. तुझ्या त्वांडानं तुझं नाव म्हन. मला ऐकायचं हाय.” तीस-चाळीस पोरांनी फुलं टाकली, टाळ्या टाकल्या. सुकन्या रडली. ‘आज्जी, म्हणजे तुम्ही दोघी खऱ्याच?’ तो दिवस बनुबाई चालत नव्हती, तरंगत होती. मग सोमवार गेला. मंगळवार गेला. यमुनेकडून काही नाही. आणि आज ही ओळ.

म्हणजे आपण नाव घेतलं म्हणून गेली. की तिच्या भावाच्या पोराने, अमीरने, ऐकलं आणि फोन हिसकावला? की आजारी आहे? बोलायला दम लागतो म्हणाली होती, दम लागतो, आणि मी मूर्ख बाई अक्षरांचं कौतुक करत बसले, दमाचं विचारलंच नाही. तिला मारलं असेल का? या वयात कोण मारतं. पण या वयात घराबाहेर ओसरीवर खाट टाकतात, ते मारण्यासारखंच. ती उठली, बसली, पुन्हा उठली. “आई, मेथी झाली का?” धनश्रीने आतून विचारलं. “झाली,” बनुबाई म्हणाली आणि निवडलेली न निवडलेली सगळी एकत्र करून परातीत लोटली.

संस्कृती पलंगावर पालथी पडून कानात इयरफोनची बोंडं घालून काहीतरी बघत होती. बनुबाई तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. पोरीचं डोकं समोर होतं. आता त्याला तेल नसतं, शाम्पूचा वास असतो. तिने त्यावर हात ठेवला.

“काय गं आज्जी? डोकं दुखत नाहीये माझं.”

“सुटली म्हन.”

“काय सुटली?”

“शपत सुटली, म्हन एकदा. तुझ्यावर हाय, तुलाच सोडवाया लागंल.”

संस्कृतीने एक बोंडू काढलं. “माझ्यावर कसली शपथ? कुणी घातली?”

“मी.”

“आणि मला आत्ता सांगतेस? मी इतकी वर्षं रिस्कवर फिरतेय होय?” ती हसली. आजीचं तोंड बघून हसायची थांबली. “आज्जी, काय झालं?”

“म्हन गं माझे आई.”

“सुटली. सुटली, सुटली, सुटली. बास?”

बनुबाईने लगेच तिथेच उभ्या उभ्या नंबर लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. रिंग वाजली, वाजत राहिली, मधेच तुटली. पुन्हा लावला तर बंद. मग तिने चप्पल घातली. धनश्री दारापर्यंत आली, “आई, कुठं निघालात उन्हाच्या? ह्यांना काय सांगू?” बनुबाई जिन्यावरून म्हणाली, “घोडेगावला गेल्या म्हनावं.” वरून धनश्री काही बोलली नाही. तिलाही सगळं माहीत होतं, हे बनुबाईला त्या न बोलण्यावरून त्या दिवशी कळलं.

तारकपूर स्टँडवरून नेवाशाची गाडी मिळाली. खिडकीशी जागा मिळाली. जेऊर गेलं, इमामपूरच्या घाटात गाडी कण्हायला लागली, पांढरीपुलावर भेळवाले खिडक्यांना लोंबकळले. बनुबाईला हा रस्ता झोपेत माहीत होता आणि आता त्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. सगळीकडे हॉटेलं, पेट्रोल पंप, बंगले. शुक्रवारचा जनावरांचा बाजार, त्यामुळे म्हशींनी भरलेले टेम्पो पुढे, मागे, शेजारी. एक म्हैस गजांतून तिच्याकडे टक लावून बघत राहिली. बनुबाई मनातल्या मनात बोलत होती आणि ओठ हलत होते, शेजारची बाई जरा सरकून बसली. मेहताब, मी येते. भांड माझ्याशी. नाव घेतलं म्हणून थोबाडीत मार. अमीरच्या समोर मार. पण बोल. एकदा नुसतं खोक. तुझा खोकला ऐकला की मी आल्या पावली माघारी जाईन, पोराकडे, मरेपर्यंत मेथी निवडीन. देवा, एवढं दे. आणि मग, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी वाद घालत असताना, तिला आठवलं की आपण मार्चनंतर तिचा आवाज ऐकलेला नाही. हे आधीपासून माहीत होतं. पण आता ते आठवलं, म्हणजे ते समोर येऊन बसलं, शेजारच्या बाईच्या आणि तिच्या मधल्या जागेत. बनुबाईने खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं. मनाला म्हणाली, गप. गप बस.

फक्रुद्दीनचं घर मशिदीच्या मागच्या बोळात. जुम्म्याच्या नमाजाची वेळ होती, पुरुष माणूस कुणी नव्हतं. दारात अमीरची बायको आयत उभी होती, पंचविशीची, काखेत पोर. तिने बनुबाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी पाहताक्षणी तिने पोराला खाली ठेवलं आणि डोक्यावरची ओढणी नीट केली.

“नंदामावशी?”

हे नाव या बोळात ऐकून बनुबाई उंबऱ्याशीच थांबली. “मेहताब कुठं हाय? फोन कुनी घेतला तिचा? मी काय तिला न्यायाला आले न्हाई. तोंड बघते आन जाते.”

“आत या मावशी. पानी घ्या.”

“पानी नगं. मेहताब.”

आयतच्या कुडत्याच्या खिशात मोबाईल होता, त्यावर तिने हात ठेवला होता. बनुबाईने तो हात बघितला. पोराने बोटं बनुबाईच्या लुगड्याला पुसली. ओसरीवर खाट नव्हती. बनुबाई ज्या खाटेची भीती घेऊन आली होती ती नव्हती आणि तेव्हा तिला वाटलं, असती तर.

“लिवत कोन हुतं?” बनुबाईने विचारलं.

“मी.”

“आन वाचून कोन दावत हुतं?”

“आधीपासनं मीच. मालिकेच्या तुकड्याखालचा तुमचा आवाज मेहताबफुफीनं वळखला. फुफीला फोन लावून द्यायचे, तुमचा आवाज लावायचे. त्यांनी बोललेलं पाठवायचे. घरात कुनाला म्हाईत न्हवतं.” आयतने ओढणीचं टोक मुठीत धरलं. “फुफी गेल्या तवा सांगनारच हुते. लिवायला घेतलं, आन भ्यायले, आन ते तसं लिवलं. बोलायला दम लागतो म्हनून. वाटलं, दोन दिसांनी सांगू. पन तुमी म्हनलात, यमे, तू शिकलीस, मी देवाला साखर ठिवली. आता सांगा मावशी, मी कसं सांगू? मग रोज तुमी बोलायला लागलात. मी रोज वाट बघायला लागले. मला असं कुनी बोलतच न्हाई वो. सकाळपासनं येक मानूस न्हाई.”

“तुझं त्वांड फोडावं वाटतंय मला.”

“फोडा.”

बनुबाईने हात उचलला नाही. बोळात ऊन होतं आणि पलीकडे बाजारातून म्हशींचा गलका येत होता.

“मी लिवलं ते खोटं न्हवतं मावशी,” आयत म्हणाली. “माझ्या जिवातलं लिवलं. रविवारी तुमी म्हनलात त्वांडानं म्हन, आन मग माझ्याकडं काय ऱ्हायलं? त्यांचा आवाज मी कुठनं आनू? म्हनून भाईर पडले.”

“तुझं खरं आसंल गं,” बनुबाई म्हणाली. “माझं कुनाला हुतं? मी कुनाला सांगत हुते इतके दिस?” मग पदर सावरत, “माझं नाव काढलं का तिनं?”

आयतने नकारार्थी मान हलवली. “झोपेत गेल्या. नमाजाला उठवाया गेले तर गार लागल्या.”

बनुबाईने दिवस विचारला. आयतने सांगितला. बनुबाई उंबऱ्यावर बसली आणि तो दिवस हुडकायला लागली. संस्कृतीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाचा तो दिवस. पोरीला हौस आली म्हणून तिने आजीला भिस्तबागेकडे आइस्क्रीम खायला नेलं होतं, गुलाबी. कसलीही चाहूल लागली नव्हती. काही पडलं नव्हतं, डोळा लवला नव्हता, काळजात कुठे टोचलं नव्हतं. ती कितीदा त्या दिवसातून इकडून तिकडे फिरली, सकाळ उलटीपालटी करून बघितली, दुपार बघितली. काही नव्हतं. तिने आइस्क्रीम पुरं खाल्लं होतं आणि खालची कांडी चाटली होती. आयत पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. पुरुष नमाज आटपून बोळात यायला लागले. फक्रुद्दीन काठी टेकत येत होता, त्याने उंबऱ्यावरच्या बाईला ओळखलं आणि तो होता तिथेच थांबला.

मेहताब शेख, फक्रुद्दीनची बहीण, यंदाच्या रमजानच्या सतराव्या रोज्याला, मार्चच्या अठरा तारखेला मंगळवारी पहाटे घोडेगावात वारली.